वाक्य पुरं होण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यवतमाळहून नागपूरकडे निघालं की कळंब लागतं. चिंतामणीचं गाव. तिथल्या आमच्या घरात आजीचं बोलणं कुणी तोडत नसे आणि आईचं कुणी पुरं होऊ देत नसे. दूरदर्शन मालिकांतली माणसं एकमेकांना का तोडतात, याकडे माझं लक्ष गेलं ते त्यामुळेच.

मालिकेतली सून खरं काय ते सांगायला लागते. "आई, ती सही मी केलेली..." तेवढ्यात दार उघडतं, फोन वाजतो, नाहीतर सासूबाई "पुरे!" म्हणून कडाडतात. तिचा उरलेला शब्द होता "नाही". मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. वाक्य एक शब्द आधी तोडलं की निर्दोष माणूस गुन्हेगार ठरतो आणि लेखकाला पुढचे पंधरा भाग मिळतात! इंग्रजीत नकार आधीच येऊन गेलेला असतो; तिथे ही सोय नाही.

लिहिताना अशा जागी तीन टिंबं देतात. नवखा नट त्या टिंबांशी येऊन आपणच थांबतो आणि समोरच्याची वाट पाहतो. जाणता नट उरलेलं वाक्य मनात तयार ठेवून बोलत राहतो, म्हणून त्याचं तुटणं खरं वाटतं. बरं, दोन आवाज एकमेकांवर चढले की संकलकाला चेहरे वेगळे कापता येत नाहीत. म्हणून मालिकेत भांडणसुद्धा रांगेत उभं राहून होतं. (आम्हा रेडिओवाल्यांचीही तीच अडचण.)

पण प्रत्येक तोडणं म्हणजे वार नव्हे. २००१ साली सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधलं घर आठवा. एकाच्या बोलण्यात दुसऱ्यानं तोंड घालावं, यात तिथे आपलेपणाच असे. आमच्याकडे पारावरही एकानं गोष्ट सुरू केली की चौघं मिळून ती पुरी करतात. गप्प बसून ऐकणाऱ्यालाच विचारतात, "काहून बे, राग आला का?"

प्रश्न आहे तो कोण कुणाला तोडतं याचा. झिमरमन आणि वेस्ट या अभ्यासकांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातली काही संभाषणं तपासली. स्त्री-पुरुषांच्या बोलण्यात अठ्ठेचाळीस वेळा वाक्य तोडलं गेलं होतं. त्यांतले सेहेचाळीस वेळा तोडणारा पुरुष होता. नमुना लहान होता आणि पुढच्या अभ्यासांत चित्र इतकं एकतर्फी राहिलं नाही, हेही सांगायला हवं. मला मात्र तो आकडा वाचून आमचंच घर आठवलं.

मालिकेतल्या सुनेला कुणी तोडलं की आई पोळी लाटता लाटता ओरडायची, "अवं, बोलू तं द्या तिले!"

एकदा जाहिराती लागल्यावर ती बाबांकडे वळून म्हणाली, "मी काय म्हणत होती का..."

"चहा ठेव आधी," बाबा म्हणाले.