घर विकताना पाण्याचं आणि विजेचं काय सांगायचं?

(रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यात सोसायटीच्या सचिवांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून.)



पत्रिकेत माझा विषय 'सोसायटीचे नियम' असा छापलाय. तो वाचून मागच्या दोन रांगा आधीच चहाच्या टेबलाकडे सरकल्यात, हे मला इथून दिसतंय. पार्किंगवर मी बोलणार नाही, परत या. आज फक्त घरविक्रीबद्दल बोलते, आणि त्यातही पाणी आणि वीज एवढ्याच दोन गोष्टींबद्दल.

२५ वर्षांत आपल्या ३६ सदनिकांपैकी ११ सदनिकांचे मालक बदलले. मुलं पुण्याला गेली, कुणी गावाकडे शेतात घर बांधलं, कुणाला लिफ्टशिवाय तिसरा मजला झेपेना. प्रत्येक वेळी विकणारा सभासद येऊन विचारतो, "ताई, सोसायटीची एनओसी कधी मिळेल?" आणि घेणारा विचारतो, "पाणी कसंय?" मी बँकेत गृहकर्ज विभागात २२ वर्षं काढली. तिथेही हेच पाहिलं. सातबारा, सर्च रिपोर्ट, बांधकाम परवाना हे सगळं आम्ही तपासायचो. कर्जदाराची बायको मात्र घर बघायला गेली की आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून बघायची. तिची तपासणी आमच्यापेक्षा पक्की असे.

आधी विकणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी लागत नाही. सभासदाने १५ दिवस आधी नोटीस द्यायची, ठरलेले फॉर्म भरायचे, थकबाकी चुकती करायची. हस्तांतरण फी ५०० रुपये, नव्या सभासदाची प्रवेश फी १०० रुपये, आणि हस्तांतरण अधिमूल्य महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. यापुढे 'डेव्हलपमेंट फंड' म्हणून कुणी काही मागितलं तर देऊ नका. मी मागितलं तरी देऊ नका. बँकेला पत्र हवं असतं, ते आपण देतो, पण ती सोय आहे, परवानगी नव्हे.

आता पाणी आणि वीज. इंग्लंडमध्ये घर विकायला काढलं की त्याला ऊर्जेचा दाखला लागतो, ए ते जी अशी श्रेणी असलेला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला तर जुनं घर विकताना तपासनीस येतो. फ्लश एका वेळी साधारण ६ लिटरपेक्षा जास्त पाणी सोडतो का, शॉवर किती सोडतो, नळ गळतात का, हे बघतो. त्याची सही झाल्याशिवाय व्यवहार अडतो. बी विंगमधल्या एका सभासदाचा मुलगा तिकडेच असतो. त्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या कमिटीतले काका म्हणाले, "आपल्याकडे असा तपासनीस आला तर त्याला आधी टँकर मोजायला लावू."

आपल्याकडे जुनी सदनिका विकताना असा कुठलाही दाखला लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली, पण ती नव्या बांधकामाची गोष्ट आहे. फ्रीजवर असतात तशी घरांनाही स्टार देण्याची योजना आहे, ती ऐच्छिक. दुय्यम निबंधक कार्यालयात तुमचा अंगठा घेतील, फोटो घेतील, मुद्रांक तपासतील. बोअर किती खोल आहे हे कुणी विचारणार नाही.

एक नियम मात्र आपल्याला लागू शकतो. डिसेंबर २०२० ची राज्याची विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांवर पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची व्यवस्था सक्तीची आहे. नवं बांधकाम, पुनर्बांधणी, वाढीव बांधकाम आणि गृहनिर्माण संस्थांच्या ले-आउटमधली मोकळी जागा, असं सगळं त्यात येतं. व्यवस्था नुसती करून भागत नाही, ती चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची. नाही ठेवली तर दर १०० चौरस मीटर बांधकामाला वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार लावता येतो. आपलं बांधकाम २,४०० चौरस मीटर धरा, म्हणजे वर्षाला २४,००० रुपयांपर्यंत. 'आपली इमारत जुनी, आपल्याला काय' असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा. उद्या गच्चीवर एक खोली वाढवायची म्हटली की हाच नियम समोर येईल.

आपला शोषखड्डा या नियमाआधीचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा आपल्याकडेही दिवसाला दोन टँकर येत होते. त्या पावसाळ्याआधी आपण गच्चीचे चारही पाइप एकत्र करून बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडले. त्याचा हिशेब मी मुलांकडून करून घेतला, तो सांगते. गच्ची ५०० चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. गुणाकार केला की ३,५०,००० लिटर. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या पावसाचं धुऊन काढलेलं असं पाचवा हिस्सा वजा करा. २,८०,००० लिटर उरतात. १०,००० लिटरचा एक टँकर, म्हणजे २८ टँकर. हे सगळं पाणी आपल्याच बोअरला मिळतं असं नाही. जमिनीखाली सोसायटीचं कुंपण नसतं. पण खड्ड्यातला गाळ काढला नाही तर तेच पाणी गेटवरून रस्त्यावर जातं आणि टी पॉइंटकडे वाहत सुटतं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

हर्सूलकरांना पाण्याबद्दल कुणी शिकवू नये खरं तर. शेजारी तलाव, त्याचं पाणी आजही शहराच्या काही भागाला जातं. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि पुढे आपल्याच बाजूच्या, उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून नहर नेली. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर पाणी गावात पोचत होतं. आज शहराची मुख्य भिस्त जायकवाडीवर. नाथसागर पूर्ण भरला तरी त्याची पातळी १,५२२ फूट, आणि शहर त्याच्याहून तीनशे फुटांच्या वर. तिथून पन्नासेक किलोमीटर पाणी चढवत आणायचं. म्हणून आपल्या नळाचं पाणी म्हणजे अर्धी वीजच आहे. डिसेंबर २०२० मध्ये नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी आली. रोज पाणी यावं ही माझीही इच्छा आहे. पण विकणाऱ्याने घेणाऱ्याला 'आता रोज पाणी येणारच आहे' असं सांगून सौदा करू नये. आज नळ किती दिवसांआड येतो ते सांगावं.

हे मी का म्हणते? दोन वर्षांपूर्वी आपल्याकडचा एक सौदा मोडला. घेणारं जोडपं शिक्षक होतं, तीन वेळा येऊन गेलं. विकणारे आपले सभासद म्हणाले, "पाण्याचं टेन्शन नाही." तिसऱ्या वेळी बाई खाली थांबल्या आणि त्यांनी वॉचमनला विचारलं. वॉचमन साधा माणूस, त्याने सांगितलं, मे महिन्यात एक दिवसाआड टँकर येतो. बाई वर आल्याच नाहीत. इसार परत द्यावा लागला. आणि त्यानंतर काय झालं? काही सभासद वॉचमनला बोलले! 'बाहेरच्यांना काही सांगायचं नाही' अशी नोटीस लावा म्हणून माझ्याकडे अर्ज आला, त्यावर सात सह्या. तो अर्ज मी फाइलला लावला, नोटीस लावली नाही.

मग तीच सदनिका पुन्हा निघाली. या वेळी मी विकणाऱ्या वहिनींच्या परवानगीने टँकरचं रजिस्टर, मोटारीची वीजबिलं आणि बोअरच्या पातळीची वही घेणाऱ्यापुढे ठेवली. त्या भाऊंनी अर्धा तास वाचलं. भावात थोडं ओढून धरलं, आणि घर घेतलं. आज ते आपल्या कमिटीत आहेत आणि शोषखड्ड्याचा गाळ काढायला सगळ्यांच्या आधी फावडं घेऊन तेच असतात.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळू न शकणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असं ते म्हणतं. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सार्वजनिक कर आणि देणी विकणाऱ्यानेच भरायची, हेही त्याच कलमात आहे. मेमध्ये आटणारी बोअर त्या 'दोषा'त बसवायची की नाही यावर वकील खुशाल वाद घालोत. ज्याच्याबरोबर पुढची वीस वर्षं एकच जिना चढायचाय त्याला पहिल्याच दिवशी फसवून आत आणायचं, हे मला पटत नाही.

विजेचं थोडक्यात. सदनिका विकली की महावितरणकडे मीटरवरचं नाव बदलून घ्या. थकबाकी जागेला चिकटते, माणसाला नाही, म्हणून घेणाऱ्यानेही शेवटचं बिल बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्याकडे एक मीटर तीन वर्षं गेलेल्या आजोबांच्या नावावर होतं. दाखल्यांसाठी त्यांच्या नातवाला किती फेऱ्या माराव्या लागल्या ते तो सांगेल, इथेच बसलाय.

सामायिक वीज मात्र सगळ्यांची. आपली ५ एचपीची मोटार तासाला चार युनिटच्या आसपास खाते. दिवसाला चार तास चालली तर महिन्याला ४८० युनिट होतात. त्यात जिन्याचे दिवे आणि गेट आहेच. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापराच्या सौर संचासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो. ५ किलोवॅट बसवलं तर ६०० युनिट, म्हणजे मोटार आणि जिना सुटला. अनुदान ९०,०००. गच्चीवर पापड वाळवायला जागा उरणार नाही ही मावशींची हरकत मी ऐकली आहे. पूर्वेचा कोपरा मोकळा ठेवू.

आणि फ्लश. जुन्या टाकीतून एका वेळी दहा लिटर जातात. दोन बटणांची टाकी तीन किंवा सहा सोडते. चार माणसांच्या घरात दिवसाला शंभर लिटर सहज वाचतात. ३६ घरांत ३,६०० लिटर. दर तीन दिवसांनी एक टँकर कमी. पण उपविधीप्रमाणे आपण पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर घेतो, वापरावर नाही. एकट्या राहणाऱ्या आजी आणि सात माणसांचं घर, नळ सारखे तर पैसे सारखे. त्यामुळे टाकी बदलणाऱ्याला बिलात काही दिसत नाही. हे मला बरोबर वाटत नाही, पण आज तो विषय काढला तर जेवण गार होईल.

आता मूळ मुद्दा. मी एक फाइल तयार केली आहे. तिच्यात पाच वर्षांचं टँकर रजिस्टर आहे, बोअरची महिन्याची पातळी आहे, नळ किती दिवसांआड आला त्याची नोंद आहे, सामायिक वीजबिलं आहेत, शोषखड्डा कधी साफ केला त्याच्या तारखा फोटोसकट आहेत. माझं म्हणणं एवढंच, की सदनिका विकणाऱ्या प्रत्येक सभासदाला थकबाकी नसल्याच्या दाखल्याबरोबर या फाइलची प्रत मिळावी, आणि त्याने ती घेणाऱ्याला द्यावी.

याला विरोध आहे, तो मला माहीत आहे. "ताई, शेजारच्या सोसायट्या काही सांगत नाहीत, आपणच सांगायचं, मग आपलाच भाव पडेल." ही भीती खोटी नाही. ज्यांचं सगळं आयुष्य एका सदनिकेत गुंतलंय, त्यांना दोन लाख कमी येणं म्हणजे काय हे बँकेत बसून मी रोज बघितलंय. पण भाव फाइलमुळे पडत नाही, टँकरमुळे पडतो. टँकरच्या फेऱ्या २०१९ पासून कमी होत आल्यात आणि हे दाखवायला त्या फाइलशिवाय आपल्याकडे दुसरं काही नाही. नुसतं तोंडाने 'आता सुधारलंय' म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? ते तर सगळेच म्हणतात.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव येईल. सूचक मी आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही. फाइल ऑफिसातल्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, किल्ली वॉचमनकडे. जेवणाच्या रांगेत मी वरणाच्या पातेल्याजवळ उभी असेन, ज्याला सही करायची त्याने तिथे भेटावं.