नदीने आखलेली सीमा

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



आपल्यापैकी अनेकांची मुले, नातवंडे आज न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाली आहेत. हॅमिल्टनसारख्या गावी त्यांच्या घरी जाऊन राहिलात, तर एक गोष्ट दिसेल. घरपट्टीची दोन निरनिराळी बिले येतात. एक शहराच्या परिषदेचे, दुसरे प्रादेशिक परिषदेचे. ही दुसरी परिषद करते काय, असे विचारले तर तिथे जन्मलेला माणूसही पुष्कळदा गोंधळतो. ती पाहते नद्या, तळी, भूजल, पूरसंरक्षक बांध आणि समुद्रकिनारा. आजचा माझा विषय ती परिषद हाच आहे.

या व्यवस्थेचे मूळ १९४१ च्या कायद्यात आहे. मातीची धूप आणि नद्यांचे पूर यांवर उपाय म्हणून त्या कायद्याने पाणलोट मंडळे निर्माण केली. १९८९ साली स्थानिक स्वराज्य संस्थांची पुनर्रचना झाली तेव्हा त्यांचे काम प्रादेशिक परिषदांकडे आले, आणि या परिषदांच्या सीमा शक्यतो पाणलोटाच्या रेषेवरून आखण्यात आल्या. नदी उगमापासून मुखापर्यंत एकाच परिषदेच्या अधिकारात राहावी, ही त्यामागील दृष्टी. आपल्याकडे भीमेच्या एका तीरावर पुणे जिल्हा आणि दुसऱ्या तीरावर अहिल्यानगर जिल्हा, अशी स्थिती आहे. आपण नदीलाच कुंपण मानले; त्यांनी डोंगराची धार कुंपण मानली. पुढे १९९१ च्या साधनसंपत्ती व्यवस्थापन कायद्याने पाणी उपसण्याचे आणि सांडपाणी सोडण्याचे परवाने देणे हे काम या परिषदांकडे सोपविले. किनाऱ्याबाबत त्यांचा अधिकार भरतीच्या रेषेपासून समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत पोहोचतो.

या अधिकाराचा चांगला उपयोग कसा होतो, हे टौपो सरोवराच्या उदाहरणावरून कळते. ६०० चौरस किलोमीटरहून मोठे, निर्मळ पाण्याचे हे सरोवर भोवतालच्या गुराढोरांच्या कुरणांतून झिरपणाऱ्या नत्रामुळे बिघडू लागले होते. भूजल इतके संथ चालते की आज कुरणात पडलेला नत्र सरोवरात उतरायला काही ठिकाणी कित्येक दशके लागतात. आज नियम केला तर फळ नातवाला मिळणार! तरीही वायकाटो प्रादेशिक परिषदेने प्रत्येक शेतावर नत्राची मर्यादा घातली. शेतकऱ्यावर सारा भार पडू नये म्हणून केंद्र सरकार, प्रादेशिक परिषद आणि स्थानिक जिल्हा परिषद यांनी मिळून सुमारे ८ कोटी डॉलरचा निधी उभा केला आणि नियंत्रणात आणता येण्याजोगा नत्र २० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले. बंदी घालणाऱ्याने किंमतही वाटून घेतली, हे मला यातले विशेष वाटते.

आता दुसरी बाजू. हॉक्स बे प्रांतात हॅवलॉक नॉर्थ नावाचे टुमदार गाव आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात कानपूरवर नानासाहेबांच्या सैन्याशी लढलेल्या सेनापती हॅवलॉकचेच हे नाव. शेजारची गावे नेपियर, हेस्टिंग्ज आणि क्लाइव्ह! आपल्या इतिहासातील ही सारी मंडळी तिथे शांतपणे नकाशावर वसली आहेत. असो.

ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला. गावाला पाणी पुरविणाऱ्या कूपनलिकांजवळच्या कुरणात मेंढ्या चरत होत्या. त्यांची विष्ठा पावसाच्या पाण्याबरोबर जवळच्या तळ्यात आणि तिथून भूजलात उतरली. हे भूजल शुद्धच आहे, असा गावाचा अभिमान होता, म्हणून त्यात क्लोरीन मिसळले जात नव्हते. सुमारे १४,००० वस्तीच्या गावात अंदाजे ५,५०० माणसे जुलाब-तापाने आजारी पडली. त्यांपैकी ४५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि किमान तीन मृत्यूंशी या साथीचा संबंध असावा, असे चौकशीत पुढे आले. स्वच्छ देश म्हणून जगभर नावाजलेल्या भूमीत, नळाच्या पाण्याने!

पाणी पुरविणारी हेस्टिंग्जची जिल्हा परिषद. भूजलाची राखणदार हॉक्स बे प्रादेशिक परिषद. साथ ओसरल्यावर प्रादेशिक परिषदेने जिल्हा परिषदेवर खटला भरला आणि नंतर तो मागे घेतला. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने दोन्ही परिषदांवर ठपका ठेवला. एकीने परवाना दिला, पण ज्या भूजलातून गाव पाणी पिते त्याला असलेला धोका नीट पाहिला नाही. दुसरीने आपल्या कूपनलिकांची हवी तितकी काळजी घेतली नाही. दोघींतील सहकार्यही पुरेसे नव्हते. सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे १९९८ साली याच गावात पाण्यातून अशीच साथ आली होती. अठरा वर्षांत ती कार्यालयांच्या स्मरणातून पुसली गेली. २०२१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय नियंत्रक काम करू लागला, तो या दुर्घटनेनंतर.

सीमा बरोबर आखल्याने काम संपत नाही, हे इथे दिसले. आणि निवडून दिलेले राखणदारही सरकारला गैरसोयीचे वाटू शकतात. कँटरबरीत सिंचनाच्या पाण्याचे निर्णय रखडतात, या कारणावरून २०१० साली संसदेने घाईघाईने कायदा केला, प्रादेशिक परिषदेचे निवडून आलेले सदस्य दूर सारले आणि प्रशासक नेमले. पूर्णपणे निवडून आलेली परिषद परत यायला २०१९ उजाडले. कर भरणाऱ्या नागरिकाला नऊ वर्षे आपल्या नदीबद्दल पूर्ण मत नव्हते. रखडलेले काम मार्गी लागले, असे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण दिलेली किंमत मला जास्त वाटते.

हा वाद आज पुन्हा पेटला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने प्रादेशिक परिषदांचे निवडून येणारे सदस्यच रद्द करून त्यांच्या जागी त्या त्या प्रदेशातील महापौरांचे मंडळ बसविण्याचा प्रस्ताव मांडला. दोन-दोन संस्थांचा खर्च आणि गोंधळ टळेल, हे सरकारचे म्हणणे घरपट्टीची दोन बिले भरणाऱ्याला पटण्यासारखे आहे. परंतु गावाचे सांडपाणी नदीत सोडण्याचा परवाना मागणारी परिषद ज्या महापौराची, तोच महापौर नदीचा परवाना देणाऱ्या मंडळावर बसला, तर हॅवलॉक नॉर्थच्या कूपनलिकेभोवती चरणारी मेंढी कोणाला दिसणार, हा प्रश्न तिथल्या माणसांनी आता विचारायला घेतला आहे.