टोपली शहरात, मैदा पाड्यावर



वळवाची एखादी सर पडून गेली की बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात ठाकर, कातकरी आदिवासी बायका शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी काकडांच्या आंबट फळांचा वाटा असतोच, कारण शेवळं घशाला खाजतात. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि काकडांचा आंबट रस घालायचा. पुढे पावसाबरोबर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि मग करटोली.

हल्ली या टोपलीपुढे गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, शुगरला चालेल ना?"

चालेल. पण त्या भरवशावर डॉक्टरांची गोळी सोडू नका. पाड्यावरच्या जेवणाचं बळ कुठल्या एका भाजीत कधीच नव्हतं. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी-वरई, रानातला पाला, ओढ्यातले खेकडे-मासे, नावापुरती साखर आणि हे सगळं मिळवायला रोजची डोंगराची चढउतार, असं ते एकत्र होतं. त्यात उपासमारही होती, तेव्हा त्याचे नुसते गोडवे गाण्यात अर्थ नाही.

अशा एकत्र जेवण-वावराचा परिणाम पाहायला ऑस्ट्रेलियात १९८२ साली केरिन ओडी या संशोधिकेनं एक वेगळाच प्रयोग केला. शहराजवळ राहू लागलेले, मधुमेह झालेले दहा आदिवासी सात आठवड्यांसाठी आपल्या मूळ मुलखात परत गेले. शिकार, मासे, कंद यांवर राहिले. वजन सरासरी आठ किलोंनी उतरलं आणि उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वरून एकशेवीसच्या आसपास आली. त्यांना कुणी नवं औषध दिलं नव्हतं. जेवण आणि वावर तेवढा जुना झाला होता.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेनं चालली आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो धान्य मिळतं. त्यानं भूक भागली, ही लहान गोष्ट नव्हे. पण ते धान्य मुख्यतः तांदूळ आणि गहू. मग नाचणीच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजायचा, रोपं लावायची, कणसं खुडायची, एवढा खटाटोप कोण करणार? हंगामात वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाची तर शेतीच मोडते. आणि भाजी विकून परतणाऱ्या बाईच्या टोपलीत पाव, फरसाण, बिस्किटांचे पुडे असतात. चोथा आपल्याकडे शहरात येतो, मैदा तिच्या घरी जातो. सौदा आपल्या फायद्याचा, तरी आपणही सुटलेलो नाहीच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. शहरातही जुनं जेवण मागे पडतंय. उल्हासनगरच्या सिंधी घरांत पालक, चुका, चणाडाळ घोटून केलेली साईभाजी आहे. फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आलेल्या माणसांनी ती सोबत आणली. पण सकाळी मैद्याच्या तळलेल्या पुरीचं दालपकवान समोर आलं की तिची आठवण कुणाला?

यावर नाचणीची बिस्किटं हा उपाय नव्हे. त्यांत नाचणीपेक्षा साखर आणि मैदाच जास्त नाही ना, हे पुडा उलटून वाचा. ओडिशा सरकारनं २०१७ साली भरडधान्य अभियान सुरू केलं, आदिवासी शेतकऱ्यांकडून हमीभावानं नाचणी घेतली आणि ती रेशनवर दिली. मुरबाड, अंबरनाथ, कर्जतच्या पाड्यांवर पिकलेली नाचणी अशीच तिथल्याच रेशन दुकानात आणि अंगणवाडीत पोचवायला काय हरकत आहे? रेशनच्या पस्तीस किलो धान्यातले पाच किलो जरी नाचणीने बदलले, तरी वरकस जमीन पुन्हा कसायला कारण मिळेल.