धोटा, गुलाम आणि राज्य
(विहारातील वर्षावास प्रवचनमालेत दिलेले भाषण)



आज मी ग्रीस देशावर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, विहारात ग्रीसचं काय काम? काम आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये चातुर्वर्ण्याचा समाचार घेताना प्लेटोलाही सोडले नाही.

या प्लेटोने 'रिपब्लिक' ग्रंथात राज्याचे तीन वर्ग केले. राज्यकर्ते, सैनिक आणि पोटापाण्याचे धंदे करणारे. पहिल्या दोघांना खाजगी घर, जमीन, सोने काही नाही. एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे. ऐकून भिक्खूसंघ आठवतो. पण आपल्या संघात उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली आणि राजपुत्रांनी त्याला वंदन केले. प्लेटोचा न्याय म्हणजे ज्याने त्याने आपापलेच काम करावे. ओळखीचं वाटतं ना? खालच्या वर्गात गुणी मूल जन्मले तर त्याला वर घ्यावे, एवढा दरवाजा त्याने उघडा ठेवला, हे मान्य करू. पण बाबासाहेब विचारतात, प्रत्येक माणूस वेगळा, तो तीन कप्प्यांत मावेल कसा?

त्याचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, सामायिक वस्तूची काळजी कोणी घेत नाही. (चाळीचा नळ बघितला की पटतंही!) पण हाच विद्वान गुलामाला जिवंत हत्यार म्हणतो. तो लिहितो की, धोटा आपोआप विणू लागला तर मालकाला गुलाम लागणार नाहीत.

मी गिरणीतला माणूस, हे वाचून थांबलोच. धोटा विजेवर पळू लागला, मग काय झालं? आपल्या लोकांना साळखात्यात घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ! सवर्ण कामगारच अडवायचे, आणि त्या खात्यात पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. नंतर बिनधोट्याचे माग आले, तेव्हा माणूसच गेटाबाहेर गेला. यंत्र आलं, पण ते कोणाच्या मालकीचं, हे अ‍ॅरिस्टॉटलने विचारलंच नाही.

बाबासाहेबांनी विचारलं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची करा आणि ते घटनेतच लिहा, असे त्यांनी मांडले. घटनेत ते आले नाही. का आले नाही, यावर पुढच्या पौर्णिमेला बोलू. पुस्तक विहाराच्या कपाटात आहे. तरुणांनी घरी न्यावे, आणि वाचून परत आणावे.

जयभीम!