रोमन रिंग्ज आणि घराचें छत

घरांतील मुलांच्या व्यायामासाठीं छताला रोमन रिंग्ज टांगण्याची हौस स्तुत्य आहे. मात्र मुलाचें वजन ६० किलो, म्हणून तितकें पेलणारे हूक पुरेत, हा हिशेब घातक होय. स्थिर लोंबकळतांना भार वजनाइतकाच असतो. पण उभ्या रेषेपासून ६० अंशांवरून झोका सुटला, कीं तळाशीं दोन्ही हुकांवर मिळून १२० किलोंचा ताण येतो. झटका बसल्यास त्याहूनहि अधिक. म्हणून शोभेच्या प्लॅस्टरच्या छतावर विसंबूं नये. मूळ स्लॅब किंवा भक्कम तुळई शोधून, जाणकाराच्या सल्ल्यानेंच हूक बसवावेत; खालीं जाड गादी अंथरावी. दरमहा हूक व पट्टे तपासावेत. त्यांना लोंबकळणारें मूल आपलेंच असतें.