समुद्रांतलीं औषधें आणि त्यांची कसोटी

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा आणि लोणारचें सरोवर एवढेंच काय तें तेथील खारें पाणी. तरीहि समुद्रांतील जिन्नस त्या जिल्ह्यांतील घरांना परके नाहींत. शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळभस्म हीं नांवें खामगांव-मेहकरकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या कानांवरून गेलेलीं असतात. आणि अलीकडे गुडघे दुखूं लागले म्हणजे औषधांच्या दुकानांतून ‘ग्लुकोसामीन’ची जी बाटली घरीं येते, तिच्यांतील द्रव्यहि बहुधा खेकडे व कोळंबी यांच्या कवचांपासून काढलेलें असतें. एक औषध जुनें, दुसरें नवें; पण दोहोंविषयीं प्रश्न एकच. यानें सूज खरोखर उतरते काय, वेदना खरोखर शमते काय, आणि तें ठरवावयाचें कसें?

हा प्रश्न केवळ आपल्या देशांतला नाहीं. चिनी वैद्यकांत माकुळाच्या पाठींतील हाड, कालवांचे शिंपले, वाळविलेला समुद्रघोडा हीं औषधें शतकानुशतकें चालत आलेलीं आहेत. माकुळाचें तें हाड म्हणजेच आपला समुद्रफेस. दोन प्राचीन राष्ट्रांनीं एकाच प्राण्याकडे औषध म्हणून पाहावें, ही गोष्ट कुतूहल वाढविणारी खरी. परंतु कुतूहलाला पुराव्याची जागा देतां येत नाहीं. पुष्कळांनीं पुष्कळ काळ मानलेली गोष्ट तपासण्यास योग्य ठरते, इतकेंच.

तपासणीची पहिली पायरी रसायनशास्त्राची. शंख, कवडी, शिंप, पोवळें, मोतीं व समुद्रफेस या सर्वांचा मुख्य घटक एकच, तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडींतहि तोच असतो. यांपैकीं कशाच्याहि चूर्णावर लिंबाचा रस पिळला तर बुडबुडे येतात. कारण आम्लाशीं संयोग होऊन कर्बवायु बाहेर पडतो. भाजून केलेल्या भस्मांतहि चुन्याचाच अंश मुख्य. तेव्हां अम्लपित्तानें छातींत जळजळत असतां शंखभस्मानें बरें वाटलें, तर त्यांत गूढ कांहीं नाहीं. जळजळीवरील आधुनिक गोळ्यांतहि हेंच कार्बोनेट पुष्कळदां असतें. या बाबतींत जुन्या वैद्यांचा अनुभव आणि रसायनशास्त्र यांचा मेळ बसतो. परंतु पोटांतील आम्ल मारणें वेगळें आणि गुडघ्याची सूज उतरविणें वेगळें. पहिला गुण आहे म्हणून दुसराहि असेलच, अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं.

सूज कशी येते, हें येथें थोडें पाहिलें पाहिजे. शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली म्हणजे तेथें ‘प्रोस्टाग्लँडिन’ वर्गाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांच्यामुळें रक्तवाहिन्या रुंदावतात, तो भाग लाल व ऊन होतो, आणि वेदना तीव्र होते. ॲस्पिरिन हीं द्रव्यें बनूं देत नाहीं, असें १९७१ सालीं जॉन व्हेन यांनीं दाखविलें. पुढें १९८२ सालीं ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. मौज अशी कीं, याच वर्गांतील एक द्रव्य त्यापूर्वीं, १९६९ सालीं, कॅरिबियन समुद्रांतील एका मऊ प्रवाळांत विपुल आढळलें होतें. प्रवाळ तेवढें सूज उतरविणारें, असा सरसकट नियम बांधणाऱ्यानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

प्रयोगशाळेंत सुजेवरील औषधाची परीक्षा प्रथम उंदरांवर होते. उंदराच्या पंजांत ‘कॅराजीनन’ नांवाचें द्रव्य टोंचतात. हेंहि समुद्राचेंच, तांबड्या शैवालापासून निघालेलें. थोड्या तासांत पंजा सुजतो. कांहीं उंदरांना आधीं औषध दिलेलें असतें, कांहींना नसतें. दोहोंच्या सुजेचीं मापें घेऊन तीं ताडून पाहतात. ही रीत १९६२ सालीं मांडली गेली व अद्याप रूढ आहे. औषध दिलेल्या उंदरांत सूज कमी दिसली तर पुढील शोधाला वाट मिळते. परंतु उंदराची कांहीं तासांची सूज आणि माणसाचा वर्षानुवर्षें झिजलेला सांधा यांत अंतर फार आहे. ‘प्रयोगांत सिद्ध’ असें बाटलीवर छापलेलें असतां तो प्रयोग कोणावर झाला, हें म्हणूनच विचारावें.

माणसांवरील कसोटी याहून अवघड. कारण वेदनेला तापमापक नाहीं. दुखणें आपोआपहि कमीजास्त होतें. तें फार वाढलें कीं माणूस औषध घेतो, आणि कालांतरानें ओसरलें कीं यश औषधाच्या पदरीं पडतें. शिवाय औषध घेतल्याच्या विश्वासानेंहि अनेकांना बरें वाटतें. हें बरें वाटणें खोटें नसतें. मात्र तें त्या द्रव्याच्या खातीं जमा करतां येत नाहीं. यासाठीं रोग्यांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें पाडतात. एका गटाला खरें औषध व दुसऱ्याला हुबेहूब तसेंच दिसणारी निर्गुण गोळी देतात. आणि कोणाला काय मिळालें, हें रोग्याला व तपासणाऱ्या डॉक्टरला शेवटपर्यंत कळूं देत नाहींत.

ग्लुकोसामीनची अशी परीक्षा अमेरिकेंत झाली. गुडघेदुखीचे १५८३ रोगी त्यांत होते. औषध २४ आठवडे दिलें. निकाल २००६ सालीं प्रसिद्ध झाला. वेदना निदान एक पंचमांशानें कमी व्हावी, ही यशाची खूण ठरविली होती. निर्गुण गोळी घेणाऱ्यांत शेंकडा ६० जणांना तेवढा आराम पडला. ग्लुकोसामीन घेणाऱ्यांत शेंकडा ६४ जणांना. आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामकानें शेंकडा ७० जणांना. साठ आणि चौसष्ट यांतील फरक योगायोगानेंहि पडूं शकतो. ज्यांची वेदना अधिक होती अशा एका लहान पोटगटांत ग्लुकोसामीन व कॉन्ड्रॉइटिन यांच्या मिश्रणानें लाभ दिसला. परंतु सर्व रोगी मिळून पाहतां तो टिकला नाहीं. श्रोत्यांनीं त्या पहिल्या आंकड्याकडे विशेष लक्ष द्यावें. निर्गुण गोळी घेतलेल्या त्या साठांपैकीं कोणीहि शेजाऱ्याला खात्रीनें सांगितलें असतें कीं, या गोळीनें मला गुण आला.

महाराष्ट्रांतील विद्वानांचाहि या कामीं वाटा आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं गुडघेदुखीच्या ४४० रोग्यांवर सुंठ, गुळवेल, आवळा इत्यादि वनस्पतींपासून केलेलीं आयुर्वेदीय औषधें ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्या बरोबरीनें पारखलीं. निकाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. आयुर्वेदीय औषधें त्या दोहोंच्या तोडीचीं ठरलीं. त्याच परीक्षेंत, आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या सात जणांच्या रक्तांत यकृताशीं संबंधित एका द्रव्याचें प्रमाण वाढलेलें आढळलें. औषध थांबवितांच तें उतरलें. संशोधकांनीं हीहि गोष्ट झांकून ठेवली नाहीं. मात्र या परीक्षेंत निर्गुण गोळीचा गट नव्हता. त्यामुळें हीं औषधें परस्परांच्या बरोबरीचीं आहेत हें कळलें. निर्गुण गोळीहून किती सरस, हें त्या परीक्षेवरून सांगतां येत नाहीं.

मग समुद्रांत वेदनेवर औषध नाहींच काय? आहे. शंखाच्या जातीचीच ‘कोनस’ नांवाची एक गोगलगाय भक्ष्याला विषारी नांगी मारते. फिलिपीन्समध्यें जन्मलेले शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा व त्यांचे सहकारी यांनीं त्या विषाचे घटक वेगळे केले. त्यांतील एकावरून ‘झिकोनोटाइड’ हें औषध सिद्ध झालें. २००४ च्या डिसेंबरांत अमेरिकेनें त्याला मान्यता दिली. इतर उपायांना दाद न देणाऱ्या अतितीव्र वेदनेवर तें वापरतात. तें पाठीच्या कण्यांतील द्रवांत पंपानें सोडावें लागतें, आणि त्याचे मनावर घातक परिणामहि होऊं शकतात. हें सर्व वैद्यांना ठाऊक आहे, कारण त्याची कसून परीक्षा झालेली आहे.

परीक्षेवांचून चाललेल्या औषधाचा भुर्दंड केवळ रोग्यालाच पडतो असें नाहीं. औषधाच्या व्यापारापायीं समुद्रघोड्यांची इतकी पकड झाली कीं, आपल्या सरकारला २००१ सालीं त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं घ्यावें लागलें. घरांतला भुर्दंड निराळा. महिन्याच्या खर्चांतून बाटलीमागून बाटली येते, आणि तिच्या भरंवशावर डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध व व्यायाम मागें पडतात. म्हणून असें औषध घरांत आणण्यापूर्वीं तें माणसांवर, निर्गुण गोळीशीं ताडून पारखलें आहे काय, आणि त्यापासून अपाय कोणते, हें डॉक्टरांना विचारावें. खेकडे-कोळंबी ज्यांना सोसत नाहीं, तसेंच रक्त पातळ ठेवण्यासाठीं जे वॉरफॅरिन घेतात, त्यांनीं ग्लुकोसामीनविषयीं ही विचारणा टाळूंच नये. घरांतील वृद्धाची वेदना खरी आहे. तिच्यावर द्यावयाचें औषधहि तितकेंच खरें असलें पाहिजे.