भुवई की चक्रांग?

हिवाळ्यातली सकाळ. नांदूर मधमेश्वरच्या पाणथळावर छोटी बदके दाटीने बसलेली असतात. 2020 साली रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ. इथे नवखा निरीक्षक हमखास अडतो तो भुवई बदक आणि चक्रांग यांच्यापाशी.

नर विणीच्या पिसाऱ्यात असले की प्रश्नच नसतो. भुवईच्या डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरी कमान जाते. चक्रांगचे डोके तांबूस आणि डोळ्याभोवती हिरवा पट्टा.

खरी कसोटी माद्यांची. दोघीही तपकिरी, ठिपकेदार. इथे चेहरा नीट पाहावा. भुवईच्या मादीच्या गालावर गडद-फिकट पट्टे उठून दिसतात, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो आणि गळा पांढुरका. चक्रांगचा चेहरा त्यामानाने साधा, चोच लहान. पण शेपटीच्या बाजूला मळकट पांढरी रेघ असते. तीच सर्वांत भरवशाची खूण.

एक मात्र ध्यानात ठेवावे. भुवईचे नर इथे येतात तेव्हा मादीसारखेच दिसतात आणि हिवाळा बराच सरेपर्यंत तसेच राहतात. उडताना त्यांच्या पंखांचा निळसर-राखाडी पुढचा भाग चमकला, की ओळख पटते.